आईच्या दुधानंतरचे आठवडे

आपल्याकडे मांजराचं पिल्लू कुणी सहसा विकत आणत नाही. ते येतं. पार्किंगमधल्या गाडीखालून, गच्चीवरच्या टाकीमागून, नाहीतर शेजारच्या मुलीच्या ओढणीत गुंडाळलेलं. आल्या दिवशी जुन्या टॉवेलचं अंथरूण होतं, संध्याकाळपर्यंत नाव ठरतं आणि रात्री ते कुणाच्या तरी पांघरुणात शिरतं. तेव्हा त्याचं वय बहुधा सहा ते आठ आठवडे असतं. डोळ्यांतला निळेपणा जायला लागलेला, शेपूट अजून त्रिकोणी, अंगात खेळ भरलेला. याच वयात एक गोष्ट बाहेरून अजिबात दिसत नाही: आईने दिलेलं संरक्षण त्याच्या अंगातून उतरणीला लागलेलं असतं.

हे संरक्षण येतं चिकातून. गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसा चीक मांजरीलाही असतो आणि त्यात तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिनं, उतरलेली असतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरातच पिल्लाचं आतडं ती अख्खी शोषून घेऊ शकतं. त्यानंतर ते शक्य नसतं. पिल्लाने ती स्वतः बनवलेली नसतात, म्हणून ती नुसती कमी होत जातात. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो, या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं दर दहा दिवसांत साधारण निम्म्यावर येतात. आईला तो रोग होऊन गेला असेल किंवा लस मिळालेली असेल, तर शिदोरी मोठी. आईच कोरी असेल, तर पिल्लाला जवळपास काहीच मिळत नाही. एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही फरक पडतो. एक आधी आचळाला लागलं, दुसरं ढकललं गेलं, एवढ्यावरून.

लसीचं सगळं अवघड गणित इथेच आहे. आईची प्रतिपिंडं पुरेशी असतात तोवर ती लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, म्हणजे इंजेक्शन दिलं तरी पिल्लाच्या शरीराला काही शिकायला मिळत नाही. पुढे अशी वेळ येते की प्रतिपिंडं खऱ्या रोगाला अडवायला अपुरी पडतात, पण लसीला अडवायला अजून पुरतात. या मधल्या दिवसांत लस लागू पडत नाही आणि रोग मात्र लागू शकतो. हे दिवस कुठल्या पिल्लाचे कधी सुरू होतात आणि कधी संपतात ते वरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं किंवा त्याहून थोडं मोठं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची असते.

पहिला डोस मुख्य आणि पुढचे नुसते जोर वाढवायला, असं बहुतेकांना वाटतं. डॉक्टरांनी ‘बूस्टर’ म्हटलं की तो समज आणखी घट्ट होतो. खरं तर प्रत्येक डोस हा नव्याने केलेला प्रयत्न असतो. आठव्या आठवड्यात दिलेली लस आईच्या प्रतिपिंडांनी खाऊन टाकली असेल, तर त्या पिल्लासाठी ती दिलीच गेली नाही असं धरावं लागतं. बाराव्या आठवड्यातलीही वाया गेलेली असू शकते. सोळाव्या आठवड्याची लागू पडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. काही पिल्लांत तेव्हाही आईचा अंश शिल्लक असतो, म्हणून पशुवैद्यकांची जागतिक संघटना सहाव्या महिन्याच्या सुमारास आणखी एक डोस सुचवते. पण घरोघरी होतं असं, की पहिला डोस हौसेने होतो, दुसरा आठवणीने होतो आणि तिसऱ्यापर्यंत पिल्लू दणकट दिसायला लागलेलं असतं. ‘दोन झालेत ना, पुरे,’ म्हणून कार्ड कपाटात जातं. ज्या डोसावर सगळी भिस्त, नेमका तोच सुटतो. ज्यांच्या ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांना दारात थांबवून एवढंच सांगावंसं वाटतं मला.

लहान मूल असलेल्या घरात हे चटकन समजतं. आपल्या बाळांना गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, बाकीच्या किती तरी लसी दीड महिन्यापासूनच सुरू झालेल्या असताना. कारण तेच आहे. आईकडून गर्भात नाळेवाटे आलेली गोवराची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने टिकतात आणि तोवर लस नीट रुजत नाही.

गोवराचं नाव निघालं म्हणून एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. जॉन एंडर्स हे हार्वर्डमधले अमेरिकन शास्त्रज्ञ. गोवराचा विषाणू त्यांच्या प्रयोगशाळेत वाढवला गेला आणि त्यातून १९६३ मध्ये गोवराची लस आली. त्याआधी १९५४ मध्ये पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामासाठी त्यांना वेलर आणि रॉबिन्स यांच्याबरोबर नोबेल मिळालं होतं. पण याच एंडर्सनी विल्यम हॅमन यांच्याबरोबर १९३९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला होता, तो मांजरांच्या एका विषाणूजन्य आजारावर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा करणारा आणि आतडं सोलून काढणारा आजार. पॅनल्युकोपेनिया तो हाच. पुढच्याच वर्षी त्याविरुद्ध मांजरांना कसं संरक्षण देता येईल, यावरही त्यांचं काम प्रसिद्ध झालं. जगभरातल्या कोट्यवधी मुलांना गोवरापासून वाचवणाऱ्या माणसाने आधी मांजरांच्या आजारावर मेहनत घेतली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मांजराची लस म्हणजे श्रीमंतांचे लाड असं कुणी म्हणालं की मला एंडर्स आठवतात.

हा रोग प्रत्यक्षात कसा दिसतो ते आमच्या इमारतीत पाहायला मिळालं. तळमजल्यावरच्या काकू एका तिरंगी भाटीला रोज जेवण घालत. पावसाळ्याच्या तोंडावर ती व्याली, चार पिल्लं झाली. तिने ती आधी मीटरच्या खोलीत ठेवली, मग जिन्याखाली, मग जुन्या सोफ्यामागे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तसंच. दीडेक महिन्याची झाल्यावर ती चारही पिल्लं संध्याकाळी पार्किंगमध्ये धुडगूस घालायची. एका सकाळी त्यांतलं एक मीटरच्या खोलीपाशी मरून पडलेलं सापडलं. दुपारी दुसरं पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसलं होतं. पाण्याशी तोंड, पण पीत नव्हतं. मग पिवळा फेस ओकलं.

इमारतीत एकच शब्द फिरला: विष. मांजरांबद्दल सोसायटीच्या प्रत्येक सभेत तक्रार करणारे एक गृहस्थ आहेत, सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचं नाव न घेता त्यांच्याबद्दल खूप काही लिहून झालं. काकू आणि मी त्या पिल्लाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ताप बघितला, थेंबभर रक्त काढलं आणि कुत्र्यांच्या पार्वोची तपासणी करायची पट्टी असते तिच्यावर पिल्लाच्या शीचा नमुना घातला. दोन रेघा उमटल्या. रक्तात पांढऱ्या पेशी नावापुरत्या उरल्या होत्या.

“काकू, विषबाधा नाही ही. मांजरांचा पार्वो आहे.”

“अहो, पण काल दुपारपर्यंत खेळत होतं हो!”

“वरून तसंच दिसतं. आत चार-पाच दिवस आधीपासून चाललेलं असतं.”

चारांतलं एक वाचलं. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, जंतुसंसर्ग वाढू नये म्हणून प्रतिजैविकं, ऊब आणि नळीने पोटात थोडं थोडं अन्न. विषाणूवर थेट चालणारं औषध दवाखान्यात नसतं, शरीर स्वतः सावरेपर्यंत त्याला धरून ठेवायचं एवढंच हातात असतं. आई भाटीला काहीच झालं नाही. तिला लहानपणी कधीतरी तो रोग होऊन गेला असणार. दुसऱ्या दिवशी काकू स्वतः वरच्या मजल्यावर जाऊन त्या गृहस्थांना सगळं सांगून आल्या. मला त्यांचं ते जाणं फार आवडलं.

तेव्हापासून कुठेही ‘एका रात्रीत सगळी पिल्लं गेली, कुणीतरी विष घातलं’ असं ऐकलं की आधी पिल्लांचं वय विचारते. विष घालणारी माणसं असतात, नाकारत नाही. पण दोन-चार महिन्यांची पिल्लं एकामागून एक गेली असतील, तर आधी या विषाणूचा संशय घ्यावा. हा विषाणू भराभर विभागणाऱ्या पेशी शोधतो. आतड्याचं अस्तर रोज नव्याने तयार होत असतं, अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी सतत बनत असतात. दोन्ही ठिकाणी तो एकाच वेळी घाव घालतो. अस्तर गेलं की आतड्यातले जंतू रक्तात उतरतात आणि त्यांना अडवणाऱ्या पेशी तर आधीच संपलेल्या असतात. लस नसलेली लहान पिल्लं यात दहांतली नऊपर्यंतही दगावतात. गाभण मांजरीला तो झाला तर पोटातल्या पिल्लाच्या लहान मेंदूवर परिणाम होतो आणि जन्माला आलेलं पिल्लू आयुष्यभर झोकांड्या देत चालतं. अशी पिल्लं दुखण्यात नसतात, जरा सांभाळून घेतलं तर छान जगतात. ‘वेडं आहे’ म्हणून त्यांना सोडून देऊ नये, हे जाता जाता.

कुत्रं पाळणाऱ्यांना पार्वो हा शब्द पाठ असतो. पिल्लू आणलं की पहिला प्रश्न तोच. पण कुत्र्यांचा पार्वो १९७८ च्या आसपास जगभर पसरला, तोवर तो कुणाला ठाऊक नव्हता. मांजरांच्या याच विषाणूत किंवा त्याच्या अगदी जवळच्या भाईबंदात थोडे बदल होऊन तो कुत्र्यांत शिरला असं मानलं जातं, आणि त्याचे पुढचे प्रकार पुन्हा मांजरांनाही होऊ शकतात. म्हणजे मूळ घर मांजराचं, आणि धास्ती मात्र कुत्रेवाल्यांना. यामागे आपली जुनी धारणा आहे. कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. कुत्र्याला आपण सांभाळतो, मांजर आपलं आपण सांभाळतं. उंदीर मारतं, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं, आजारी पडलं तर कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसतं आणि बरं होऊन येतं. बरं होऊन न आलेली मांजरं ‘निघून गेली’ म्हणून विसरली जातात.

आता फ्लॅटमधल्या लोकांचं म्हणणं. ‘आमची मनी बाहेर जातच नाही, तिला कुठून होणार?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्या चपलांना चिकटलेलं असतं. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, म्हणून तो कोरड्या जागी सावलीत महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. पार्किंगमधून जिन्यात, जिन्यातून पायपुसण्यावर. आवरण नसल्यामुळेच हाताला लावायच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ब्लीचने मात्र तो मरतो. जागा आधी साबणाने घासून घ्यायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर पाण्याने धुऊन खिडक्या उघडायच्या. आपल्याकडे अशा वेळी हात आधी फिनाईलच्या किंवा डेटॉलच्या बाटलीकडे जातो. मांजर असलेल्या घरात ते करू नये. त्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत, आणि मांजर पाय चाटतं. ज्या घरात या रोगाने पिल्लू गेलं असेल, तिथे घाईने दुसरं लहान पिल्लू आणू नये. मन रिकामं झालेलं असतं हे मला कळतं. तरीही आणायचंच तर लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर आणावं.

ज्या एका सुईत हे संरक्षण येतं, त्यातच आणखी दोन विषाणूंवरची लस असते. म्हणून दवाखान्यात बरेच जण तिला ‘थ्री-इन-वन’ किंवा कंपनीने दिलेल्या नावावरून ‘ट्रायकॅट’ म्हणतात. हे दुसरे दोन म्हणजे मांजरांचा हर्पीस आणि कॅलिसी. रस्त्यावरच्या पिल्लांचे डोळे पिवळ्या चिकट घाणीने मिटलेले दिसतात, ते बहुतेक वेळा यांच्यामुळे. कॅलिसीत जिभेवर व्रण येतात, भूक असूनही खाता येत नाही. हर्पीस एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं, दिवाळीत फटाके वाजले की पुन्हा शिंका सुरू होतात. या दोघांबाबत लस संसर्ग पूर्ण अडवत नाही, आजार सौम्य करते. ‘लस देऊनही शिंकतेच आहे,’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकते. ती शिंकते आहे, जेवते आहे आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, हे लसीचंच काम.

रेबीजची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रश्न आपल्याही जिवाचा आहे. आपल्या देशात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, त्यामुळे मांजराचा ओरखडा लोक फार मनावर घेत नाहीत. मांजरालाही रेबीज होतो, आणि झालेलं मांजर अनेकदा चवताळून अंगावर येतं. लक्षणं दिसायला लागल्यावर ना मांजर वाचवता येतं ना माणूस. ओरखडा असो की चावा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी रुग्णालय गाठायचं, मांजर घरचं असलं तरी डॉक्टरांना विचारून मगच निर्णय घ्यायचा. मांजराला ही लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात, वर्षाने पुन्हा, आणि पुढे लसीच्या प्रकाराप्रमाणे. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा विषय पुढे आणला तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. त्या नोंदणीला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि तेवढ्या एका अटीसाठी तरी मी त्या नियमाच्या बाजूने आहे.

लसीची भीती वाटणाऱ्यांशीही नीट बोलायला हवं. एखाद-दोन दिवस पिल्लू सुस्त राहतं, सुईच्या जागी हात लावू देत नाही, हे नेहमीचं. क्वचित चेहरा सुजतो किंवा लगेच उलट्या होतात, म्हणून लस दिल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच बसावं. फार विरळा, काही हजारांत एखाद्या मांजराला, सुईच्या जागी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कर्करोगाची गाठ होते. १९९१ मध्ये हे अमेरिकेत पहिल्यांदा लक्षात आलं. त्यामुळेच आता अनेक डॉक्टर मानेऐवजी पायात, खालच्या बाजूला लस देतात. गाठ तीन महिन्यांनीही टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिना उलटल्यावरही वाढत राहिली, तर लगेच दाखवायची. याच कारणाने मोठ्या मांजराला गरज नसताना लसी देऊ नयेत असंही मी म्हणेन. पिल्लूपणी सगळं नीट झालं असेल, तर पॅनल्युकोपेनियाचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं, आणि घरातच राहणाऱ्या मांजराला ती त्रिगुणी लस तीन वर्षांतून एकदा पुरेशी मानतात. आपल्याकडे दरवर्षी द्यायची पद्धत आहे. डॉक्टरांना कारण विचारावं. चांगला डॉक्टर सांगतो.

गावाकडे अडचण निराळी. तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लाळ्या-खुरकुताची लस असते, कारण गुरांवर घर चालतं. मांजराची लस बहुधा तालुक्याहून किंवा शहरातून मागवावी लागते, आणि तीही २ ते ८ अंश तापमानात, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. एसटीत मांडीवर थर्मास घेऊन बसलेल्या माणसाला गावातले हसतात, ‘मांजराला इंजेक्शन!’ म्हणून. अशा माणसांबद्दल मला फार आदर आहे. शहरात तर रिक्षाच्या अंतरावर सगळं मिळतं.

पिल्लं दत्तक देण्याचे मेसेज हल्ली रोज येतात. ‘खूप प्रेमळ आहे, मातीतच शी-सू करते, फोटो बघा.’ फोटो सुंदर असतात. त्या मेसेजमध्ये आणखी तीन ओळी असाव्यात असं मला वाटतं: जन्माचा अंदाजे आठवडा, आतापर्यंत दिलेले डोस आणि सोळावा आठवडा कोणत्या तारखेला भरतो ती तारीख. लसीच्या कुपीवरचं स्टिकर डॉक्टर कार्डावर चिकटवतात, त्या कार्डाचा फोटोही सोबत पाठवावा. आणि पिल्लू हातात देताना ती तारीख तोंडानेही सांगावी, कारण घरं बदलताना कार्डं हरवतात.